गैरहजेरीचा कागद

सुट्टी मिळते, दांडी मारली जाते, रजा मात्र मागावी लागते. शाळा-कॉलेजात गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाला हा भेद ठाऊक असतो. पण ‘रजा’ या शब्दाच्या पोटात काय आहे याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. अरबीतल्या मूळ शब्दाचा अर्थ आहे संमती, राजीखुशी. ‘रजाबंदी’, ‘राजीनामा’ ही त्याच घरातली भावंडे. म्हणजे रजा हे काम न करण्याचे नाव नाही. काम न करण्याला कुणीतरी दिलेल्या संमतीचे ते नाव आहे. ‘हजर’, ‘हजेरी’, ‘गैरहजर’ हे शब्दही अरबी-फारसीच्या वाटेनेच मराठी दप्तरात आले. लष्करात आणि कारखान्यात माणसे मोजण्याची गरज होती. वर्गात ती पुढे आली.

या लेखाचा विषय विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची हजेरी हा आहे. त्यातही अधिक नेमकेपणाने सांगायचे तर, चुकलेली हजेरी माफ कशी होत आली हा आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण ज्याचे हॉल तिकीट अडले आहे त्याला तो क्षुल्लक वाटत नाही. आणि दीडशे वर्षांतली थोडी कागदपत्रे चाळली की ध्यानात येते, गैरहजेरी माफ होण्याचा संबंध कारण किती खरे आहे याच्याशी कमी आणि त्या कारणाखाली सही कुणाची आहे याच्याशी जास्त राहिला आहे.

तुळजापुरात बसून हा विषय हाताळायला एक कारण आहे. इथला मंदिराचा पंचांग आणि कॉलेजचे वेळापत्रक दरवर्षी एकमेकांच्या अंगावर येतात. पहिले सत्र जून-जुलैत सुरू होते आणि दिवाळीच्या आसपास संपते. त्याच्या ऐन शेवटाकडे, अंतर्गत परीक्षांच्या दिवसांत, आश्विनातले नवरात्र पडते. सीमोल्लंघन होते, नगरकडून पलंग आणि पालखी येते, मग कोजागिरीपर्यंत सोलापूरच्या बाजूने आणि कर्नाटकातून चालत येणाऱ्यांची रीघ लागते. सोलापूर ते तुळजापूर ही पंचेचाळीस किलोमीटरची वाट त्या दिवसांत वाहनांपेक्षा पायांची असते. पुजाऱ्यांची घरे, प्रसादाची, बांगड्यांची, कुंकवाची, कवड्यांच्या माळांची दुकाने, लॉज, खानावळी, सगळ्यांचा वर्षाचा हिशेब या पंधरा-वीस दिवसांवर ठरतो. अशा घरातला विशीतला मुलगा किंवा मुलगी त्या दिवसांत वर्गात असेल हे गृहीत धरणारे वेळापत्रक तुळजापूरसाठी केलेले नसते. ते सगळ्या विद्यापीठासाठी एकच असते.

गंमत अशी की खुद्द देवीच्या रजेची इथे चोख व्यवस्था आहे. वर्षातून तीन वेळा तुळजाभवानीची मूर्ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात: भाद्रपद वद्य अष्टमीपासून घोर निद्रा, सीमोल्लंघनानंतर पौर्णिमेपर्यंत श्रम निद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोह निद्रा. सगळे मिळून वर्षाचे एकवीस दिवस होतात. तिथी ठरलेल्या, कारण ठरलेले, पुन्हा सिंहासनावर येण्याचा मुहूर्तही ठरलेला. त्या काळात देवी जागेवर नाही म्हणून कुणी तक्रार करत नाही, कारण ती गैरहजर नसते, निद्रिस्त असते. शब्द बदलला की दर्जा बदलतो. विद्यार्थ्याचा हिशेबही याच्या जवळपास जातो. सत्राचे अध्यापनाचे दिवस साधारण नव्वद आणि हजेरीची अट ७५ टक्के धरली, तर सत्राला बावीस दिवस हातात राहतात. नवरात्र ते कोजागिरी हे पंधरा दिवस त्यातून वजा करा. ताप, लग्नकार्य, पेरणी, एसटीचा संप या सगळ्यांसाठी मिळून आठवडा उरतो.

हे ७५ टक्के आले कुठून? त्याआधी एक जुना शब्द होता, ‘टर्म’. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. ते स्वतः शिकवत नव्हते, परीक्षा घेत होते. शिकवणे कॉलेजांकडे. मग विद्यार्थी खरोखर शिकला का हे विद्यापीठाला कळणार कसे? तर प्राचार्यांच्या दाखल्यावरून. अमुक विद्यार्थ्याने आमच्याकडे अमुक इतक्या टर्म भरल्या, एवढे त्यांनी लिहून द्यायचे. म्हणून आपल्याकडे जुन्या पिढीच्या तोंडी ‘टर्म भरली’, ‘टर्म ग्रँट झाली नाही’ हे शब्दप्रयोग होते आणि मुंबई-पुण्यात ते अजूनही ऐकू येतात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की ज्या लंडनची ही नक्कल होती, त्या लंडनने १८५८ च्या नव्या सनदेने बहुतेक पदव्यांसाठी कॉलेजात बसण्याची सक्तीच काढून टाकली. कुणीही, कुठेही अभ्यास करावा आणि परीक्षेला बसावे. आपण मूळ नमुना घेतला, त्यातली ढिलाई घेतली नाही. वसाहतीच्या राज्यकर्त्यांना पदवीधर हवे होते, पण ते कॉलेजच्या भिंतींत, युरोपीय प्राध्यापकांच्या नजरेखाली घडलेले हवे होते, असा अर्थ मी यातून काढतो.

टर्मच्या काळात दांड्या मारल्या जात नव्हत्या असे कुणी समजू नये. टिळकांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष तालमीत आणि नदीत घालवून प्रकृती कमावली, ही गोष्ट त्यांच्या सर्व चरित्रकारांनी कौतुकाने सांगितली आहे. त्यांचे ते वर्ष अभ्यासाच्या दृष्टीने वाया गेले आणि त्यांनी ते हिशेबात धरले नाही. एक वर्ष सोडून देता येणे हीसुद्धा त्या काळी एक ऐपत होती.

ऐपत नसलेल्याचे काय होत असे, याचे सर्वांत बोलके उदाहरण वेगळ्या माणसाचे आहे. भीमराव आंबेडकर १९१६ मध्ये न्यूयॉर्कहून लंडनला आले. त्यांनी ग्रेज इनमध्ये आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले. पण बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ च्या उन्हाळ्यात अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. सामान ज्या जहाजाने पाठवले होते ते पाणतीराने बुडाले. इकडे बडोद्याच्या नोकरीत काय वाट्याला आले ते सर्वश्रुत आहे. त्या क्षणी कुणालाही वाटले असते की लंडनची पदवी संपली. ती संपली नाही, कारण निघण्यापूर्वी त्यांच्या हातात एक परवानगी होती. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या मध्यस्थीने लंडन विद्यापीठाने मान्य केले होते की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत ते परत येऊन अभ्यास पुढे चालू करू शकतील.

या चार वर्षांकडे आपण चरित्र वाचताना झटकन पुढे जातो. जरा थांबून पाहावे. या काळात त्यांनी सिडनहॅम कॉलेजात शिकवले, साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, ‘मूकनायक’ सुरू केला, माणगावच्या परिषदेचे अध्यक्षपद भूषवले. म्हणजे ज्याला आपण त्यांचे सार्वजनिक जीवन म्हणतो त्याची सुरुवात एका मंजूर गैरहजेरीत झाली. १९२० मध्ये स्वतःची बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपये घेऊन ते मुदतीच्या आत लंडनला पोचले. १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले. ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथामागे ती परवानगी उभी आहे. पैसे संपले, हे त्यांच्या गैरहजेरीचे कारण होते. आजच्या कुठल्याही कॉलेजच्या अर्जात या कारणासाठी रकाना नसतो. पण तिथे एक कॅनन होते आणि त्यांचा शब्द विद्यापीठ ऐकत होते.

आता मराठवाड्याकडे येऊ. तुळजापूर त्या काळी निजामाच्या राज्यात. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्याच नावाने जिल्हा उस्मानाबाद आणि त्यांच्याच नावाने हैदराबादचे, १९१८ सालचे, उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ. मराठी मुलाला वरचे शिक्षण हवे तर एक तर उर्दूतून शिकायचे किंवा सरहद्द ओलांडून इंग्रजी मुलखात जायचे. सोलापूर जवळच, पण तिथे दयानंद कॉलेज निघाले ते १९४० साली. दरम्यान याच जिल्ह्यातल्या हिप्परग्याला १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू झाली होती आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ झालेले व्यंकटेश खेडगीकर तिथे शिकवत होते. सरकारी वर्गातून उठून जाणे हेच जिथे शिक्षण होते अशा वातावरणातली ही शाळा.

१९३८ च्या अखेरीस स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू असतानाच औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या आणि पाठोपाठ उस्मानियाच्या वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणायला सुरुवात केली. अधिकाऱ्यांनी बंदी घातली. विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. मग शेकडोंची नावे पटावरून कमी झाली. ही गैरहजेरी रजेच्या अर्जाची नव्हती. माफी मागा आणि परत या, एवढीच वाट उघडी होती, आणि बहुतेकांनी ती घेतली नाही. काढून टाकलेल्या विद्यार्थ्याला दुसरे विद्यापीठ घेत नसते, कारण त्याच्याकडे आधीच्या संस्थेचा दाखला नसतो. शिक्षेची खरी धार तिथे होती.

ही धार बोथट केली नागपूर विद्यापीठाने. तिथले कुलगुरू टी. जे. केदार यांनी हैदराबादहून आलेल्या विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. वरंगळच्या कॉलेजातून याच चळवळीपायी बाहेर पडलेले पी. व्ही. नरसिंह राव यांनी पुढे कायद्याची पदवी नागपूर विद्यापीठातून घेतली. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामात पुढे दिसणारी बरीच तरुण मंडळी या बहिष्काराच्या पिढीतली आहेत. आपल्याकडे या चळवळीवर लिहिताना गाणे आणि बंदी यांवर पानेच्या पाने खर्च होतात. केदारांवर दोन ओळी असतात. मला तो अन्याय वाटतो. एका विद्यापीठाने जी गैरहजेरी गुन्हा ठरवली ती दुसऱ्याने पाहिलीच नाही, आणि त्या न पाहण्याने शेकडो आयुष्ये मार्गी लागली.

स्वातंत्र्यानंतर २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी. हे गृहस्थ त्याआधी मुंबई विद्यापीठाचे कुलसचिव होते आणि मुंबई विद्यापीठाचा इतिहासही त्यांनीच लिहिला होता. टर्म, दाखला, प्राचार्यांची सही ही सगळी मुंबईची घडी मराठवाड्यात बसली यात नवल नाही. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. आज तुळजापूरच्या कला-वाणिज्य-विज्ञान शाखांच्या विद्यार्थ्याच्या हॉल तिकिटावर जे नाव छापलेले असते, ते चार वर्षांची गैरहजेरी मंजूर करून घेऊन शिकलेल्या माणसाचे आहे.

टर्म हळूहळू टक्केवारीत बदलली, आणि टक्केवारीबरोबर माफीचीही नियमावली झाली. मुंबई विद्यापीठाचा अध्यादेश क्रमांक ६०८६ नमुना म्हणून घेता येईल. सर्व विषयांची मिळून सरासरी हजेरी ७५ टक्के हवी आणि कोणत्याही एका विषयात ५० टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे २००८ चे नियम विधी शाखेसाठी ७० टक्के मागतात आणि अपवादात्मक प्रसंगी एखाद्या विषयात ६५ पर्यंत सूट देतात. माफीची कारणे थोड्याफार फरकाने सगळीकडे तीच: आजारपण, खेळ, युवक महोत्सव, एनसीसी, एनएसएस. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. तिच्या सात दिवसांच्या शिबिरात खेड्यात जाऊन खोदलेला बांध हजेरीत धरला जातो. तोच विद्यार्थी त्याच सात दिवसांत स्वतःच्या गावी स्वतःच्या शेताचा बांध घालत असेल तर तो गैरहजर.

तुळजापुरात हा विरोधाभास फार जवळून पाहायला मिळतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ग्रामीण परिसर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून इथे आहे. समाजकार्याच्या शिक्षणात क्षेत्रकार्याला वर्गाइतकेच महत्त्व असते. विद्यार्थी गावात जातो, ऊसतोड कुटुंबांशी, बचत गटांशी बोलतो, टिपणे काढतो आणि ते त्याचे शिक्षण असते. असलेच पाहिजे. तिथून थोड्या अंतरावरच्या साध्या कॉलेजातला विद्यार्थी स्वतः त्या ऊसतोड कुटुंबातला असतो. दसऱ्यानंतर मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आईवडील कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात निघतात, मागे राहतो तो गुरे, म्हातारी माणसे आणि धाकटी भावंडे सांभाळतो. घरात एक कोयता कमी पडला तर तोही फडावर जातो आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत परतत नाही. शाळकरी मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली, कारण शाळेची गळती सरकारला आकड्यांत दिसते. कॉलेजच्या मस्टरवर मात्र फडावरचा विद्यार्थी आणि चहाच्या टपरीवरचा विद्यार्थी यांच्या नावापुढे एकच खूण असते.

आणि मग ‘मेडिकल’ येते. परीक्षेपूर्वी हजेरी कमी असलेल्यांची यादी सूचना फलकावर लागते, पालकांना घेऊन या म्हणतात, हमीपत्र लिहून घेतात, आणि शेवटी वैद्यकीय प्रमाणपत्र जोडा असे सांगतात. ज्याला काविळ झाली होती तोही ते जोडतो आणि ज्याचे आईवडील फडावर होते तोही. मागची तारीख घालून दिलेली ही प्रमाणपत्रे खोटी असतात हे प्राचार्यांना, क्लार्कला, डॉक्टरांना आणि विद्यार्थ्याला ठाऊक असते. याला आपण सरसकट लबाडी म्हणतो. लबाडी असतेही. पण नियमाने एकाच भाषेत बोलायची मुभा ठेवली असेल तर लोक आपले खरे दुखणे त्या भाषेत अनुवादित करतात. उचल फेडायची होती हे लिहिता येत नाही, म्हणून टायफॉइड लिहिला जातो. खऱ्या कारणासाठी खोटा कागद द्यायला विसाव्या वर्षी शिकावे लागते, आणि शिकवतो कोण, तर विद्यापीठ. शिष्यवृत्तीच्या अटींत हजेरी आल्यापासून तर हे अधिकच बोचरे झाले आहे. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालत आली आहे. तिचा हेतू गरीब विद्यार्थ्याला वर्गात टिकवणे हा. ज्याला गरिबीमुळेच वर्गात टिकता आले नाही, त्याची ती हजेरीच्या नावाने अडते.

कारणांच्या यादीत गेल्या काही वर्षांत भर पडली, हे नोंदवले पाहिजे. डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांना कळवले की पीएच.डी. आणि एम. फिल. करणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूती रजेप्रमाणेच पदवी आणि पदव्युत्तर वर्गांतल्या विद्यार्थिनींनाही हजेरीत सवलत देण्याचे नियम करावेत. जानेवारी २०२३ मध्ये कोचीनच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाने मासिक पाळीसाठी विद्यार्थिनींना प्रत्येक सत्रात दोन टक्क्यांची सूट दिली, आणि केरळ सरकारने ती सगळ्या राज्य विद्यापीठांना लागू केली. तिथे मुलींना आता ७५ ऐवजी ७३ टक्के पुरतात. यात दोन टक्क्यांपेक्षा मोठी गोष्ट ही की त्यासाठी डॉक्टरचा कागद लागत नाही. विद्यार्थिनीचे म्हणणे हाच पुरावा. तुळजापुरात ‘पाळी’ या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. मंदिरातल्या पूजेचे दिवस पुजाऱ्यांच्या घराण्यांत वाटलेले असतात आणि ती पाळी धरणारे ते पाळीकर. त्या पाळीचे दिवस आधीपासून लिहिलेले असतात. उसाचा हंगामही काही गुपित नसतो.

सर्वांत मोठी माफी मात्र कुणी न मागता मिळाली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि २९ एप्रिलच्या मार्गदर्शक सूचनांत अनुदान आयोगाने म्हटले की टाळेबंदीच्या काळात सर्व विद्यार्थी हजर होते असे मानावे. देशातल्या कोट्यवधी विद्यार्थ्यांची गैरहजेरी एका वाक्याने हजेरी झाली. ना अर्ज, ना प्रमाणपत्र. त्या वर्षी आश्विनात तुळजाभवानीचे मंदिरही भाविकांसाठी बंद होते. ऊसतोड मात्र हंगामात सुरूच राहिली.

दिल्लीतल्या एका विधी-विद्यार्थ्याला २०१६ साली हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू दिले नाही आणि त्याने जीव दिला. त्यावरून सर्वोच्च न्यायालयाने घेतलेली दखल पुढे दिल्ली उच्च न्यायालयाकडे गेली. नऊ वर्षांनी, ३ नोव्हेंबर २०२५ रोजी, त्या न्यायालयाने निकाल दिला की केवळ हजेरी कमी आहे म्हणून विधी शाखेच्या कुठल्याही विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखू नये. शिक्षकांना हा निकाल रुचणार नाही. रिकाम्या बाकांपुढे शिकवण्याची पाळी ज्यांच्यावर आली आहे त्यांची तक्रार खरी आहे. ज्या प्राध्यापकाच्या वर्गात बसण्याजोगे काही असते त्यालाही नाइलाजाने आलेल्यांपुढे बोलावे लागते, हे दुसरे दुःख. पण हजेरीचा नियम सैल करणे आणि माफीचा अर्ज खरे बोलण्याजोगा करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला न्यायालयाची गरज नाही. अर्जावर ‘कौटुंबिक स्थलांतर’ असा एक रकाना हवा, त्याखाली ग्रामसेवकाची किंवा साखर कारखान्याच्या शेतकी विभागाची सही चालावी. ही माणसे रोज शेकडो कागदांवर सह्या करतातच. कारखान्याच्या टोळीच्या यादीत कुटुंबाचे नाव असते, कुठल्या तारखेला गाडी निघाली तेही असते.

हा लेख तुमच्या हातात पडेल तेव्हा कोजागिरी होऊन गेलेली असेल, देवी श्रम निद्रेतून उठून पुन्हा सिंहासनावर बसलेली असेल आणि बालाघाटाच्या कुशीतल्या तांड्यांवरून कोयत्यांच्या गाड्या भरत असतील. कॉलेजांत पहिल्या सत्राचे मस्टर बंद करून टक्केवारी काढण्याचे काम याच आठवड्यांत चालते.